एका आवाजाच्या दोन वाटा: छोटा मिक्सर आणि संगणक यांच्या जोडणीचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

मुलाखतींची ध्वनिमालिका करणाऱ्या एका छोट्या गटाचे हे प्रकरण. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत, तांत्रिक घटनाक्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे. गटात एक ज्येष्ठ निवेदिका, एक तरुण सहनिवेदक आणि रेकॉर्डिंग व संपादन सांभाळणारा एक सहकारी होता. मला बोलावले गेले ते गाडी अडल्यावर.

सुरुवातीचे भाग त्यांनी एकाच यूएसबी माइकवर केले होते. पुढे दूरचे पाहुणे व्हिडिओ कॉलवर घ्यायचे ठरले, दोन निवेदकांना स्वतंत्र माइक हवे झाले आणि एक छोटा मिक्सर, म्हणजे अनेक आवाज एकत्र करणारे यंत्र, आला. पुढचे सगळे या मिक्सरच्या रचनेवर अवलंबून आहे, म्हणून ती आधी नीट पाहू.

मिक्सरला माइकची दोन चॅनेल (आवाज आत घेण्याच्या वाटा) होती, फोनसारख्या यंत्रांसाठी दोन स्टिरिओ लाइन चॅनेल होती आणि एक ऑक्स सेंड, म्हणजे निवडक आवाजांचा वेगळा मिक्स बाहेर पाठवण्याची जागा, होता. दोन्ही माइकसाठी मिळून ४८ व्होल्टच्या फँटम पॉवरचे (माइकला केबलमधूनच मिळणाऱ्या विजेचे) एकच बटण होते. यूएसबीवरून संगणकाकडे दोनच वाहिन्या जात: सगळे आवाज मिसळून तयार झालेल्या मेन मिक्सची डावी बाजू आणि उजवी बाजू. संगणकाकडून परत येणारा आवाजही दोन वाहिन्यांचाच. परत आलेला हा आवाज कुठे न्यायचा यासाठी दोन बटणे होती. एक दाबले की तो मेन मिक्समध्ये मिसळे, दुसरे दाबले की फक्त हेडफोनमध्ये ऐकू येई. मिक्सर १६ बिट आणि ४८ किलोहर्ट्‌झवर चालणारा, यूएसबी ऑडिओच्या सर्वसाधारण मानकाप्रमाणे वागणारा होता. त्यामुळे वेगळा ड्रायव्हर न टाकताही विंडोजने तो लगेच ओळखला.

गटाची समजूत अशी होती की मिक्सरवर जितके माइक, तितके वेगळे ट्रॅक संगणकात येतात. काही मिक्सर तसे असतात. बहुतेक छोटे मिक्सर तसे नसतात, ते शिजवलेला मिक्सच पाठवतात. खोक्यावर लिहिलेल्या चॅनेलच्या संख्येचा आणि संगणकात पोहोचणाऱ्या ट्रॅकच्या संख्येचा संबंध असेलच असे नाही.

अडचण काय होती

चाचणीसाठी एका ओळखीच्या व्यक्तीला पाहुणा म्हणून कॉलवर बसवले होते. दोन वाक्ये होत नाहीत तोच तो म्हणाला, "ताई, माझाच आवाज मला परत ऐकू येतोय." त्याला पुढे बोलणे कठीण झाले. आपलाच शब्द अर्ध्या सेकंदाने कानावर पडायला लागला की माणूस अडखळतो, कितीही सराईत वक्ता असला तरी.

तक्रारी एकामागून एक आल्या. निवेदकांना हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज रिकाम्या डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा पोकळ वाटत होता. खोलीतल्या स्पीकरमधून सतत गुणगुण येत होती आणि तिच्यावर एक बारीक शीळ होती, माउस हलवला की तिचा सूर बदले. रेकॉर्ड झालेल्या फाइलमध्ये मधूनमधून टकटक होती. निवेदिका जोरात हसल्या की आवाज फाटत होता, मिक्सरचे दिवे मात्र हिरवेच. शिवाय सगळ्यांचे आवाज एकाच फाइलमध्ये एकजीव झाले होते, संपादनात पाहुण्याचा आवाज वेगळा काढता येत नव्हता.

गटाचा निष्कर्ष ठरला होता: मिक्सर सदोष आहे, परत करू. आधीच्या दोन संध्याकाळी बटणे दाबून, केबल बदलून, सेटिंग उलटसुलट करून पाहिले होते. नेमकी तिथेच अडचण वाढली होती, कारण आता कोणती गोष्ट मूळ स्थितीत आहे हे कुणालाच सांगता येत नव्हते.

पहिला निर्णय: आधी नकाशा

पहिला तास आम्ही एकाही बटणाला हात लावला नाही. कागदावर प्रत्येक आवाजाची वाट काढली. निवेदिकेचा आवाज माइकमध्ये शिरतो, तिथून चॅनेल, तिथून मेन, मेनमधून यूएसबी, यूएसबीतून संगणक. संगणकात तो दोन ठिकाणी जातो, रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये आणि कॉलच्या अ‍ॅपमध्ये. मग तो कुठून परत येतो? मिक्सरच्या माहितीपुस्तकात मागच्या पानांवर ब्लॉक डायग्राम, म्हणजे आवाजाच्या वाटांची आकृती, असतो. तो वाचायला पहिल्यांदा कंटाळा येतो, पण यूएसबीचा आवाज फेडरच्या (आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या खुंटीच्या) आधी घेतला जातो की नंतर, ऑक्स कुठून निघतो, कोणते बटण कोणती वाट उघडते, हे तिथेच खात्रीने कळते.

नकाशा पुरा झाला आणि एक गोष्ट लख्ख दिसली. पाहुण्याच्या आवाजाला त्याच्याकडे परत जायची वाट होती. निवेदकांच्या आवाजाला त्यांच्याच कानापर्यंत दोन वाटा होत्या. आणि विजेच्या अर्थिंगलाही दोन वाटा होत्या. सहापैकी तीन तक्रारी मुळात एकाच जातीच्या होत्या: जिथे एक वाट हवी तिथे दोन उघड्या होत्या. उरलेल्या तीन वेगळ्या होत्या आणि त्या वेगळ्याच हाताळायच्या असे ठरले.

पाहुण्याचा एको

इथे एक नियम फार उपयोगी पडतो: ज्याला स्वतःचा एको ऐकू येतो, त्याच्या बाजूला बहुधा काही बिघडलेले नसते, दोष समोरच्या बाजूला असतो. पाहुण्याला स्वतःचा आवाज परत येत होता, म्हणजे वाट आमच्याकडे उघडी होती.

ती सापडलीही लगेच. परत येणाऱ्या यूएसबीचे मेनकडे नेणारे बटण दाबलेले होते. पाहुण्याचा आवाज संगणकातून मिक्सरमध्ये येई, मेनमध्ये मिसळे, मेनमधून यूएसबीवर चढून पुन्हा संगणकात जाई आणि कॉलचे अ‍ॅप तोच आवाज माइकचा म्हणून पाहुण्याकडे पाठवी. बटण मुद्दामच दाबले होते, नाहीतर पाहुण्याचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये कसा येणार, असा सहकाऱ्याचा विचार होता. विचार चुकीचा नव्हता. मेनमध्ये पाहुणा असल्याशिवाय या मिक्सरमधून तो रेकॉर्डिंगपर्यंत पोहोचणारच नव्हता.

मग जुन्या यूएसबी माइकवर घेतलेल्या कॉलमध्ये कधी एको का आला नाही? कारण तेव्हा अ‍ॅपमधले एको-कॅन्सलेशन चालू होते. मिक्सर आल्यावर आवाज अधिक नैसर्गिक यावा म्हणून कुणाच्या तरी सल्ल्याने ते बंद केले होते. इथे निर्णयाची पहिली खरी जागा आली. एको-कॅन्सलेशन पुन्हा चालू केले असते तर तक्रार दबली असती आणि काम पाच मिनिटांत संपले असते. आम्ही ते केले नाही. कॅन्सलेशन येणाऱ्या आवाजाशी जुळणारा भाग जाणाऱ्या आवाजातून वजा करते, आणि दोघे एकाच वेळी बोलू लागले की बरेचदा निवेदकाचे शब्दही कापते. मुलाखतीत मध्येच येणारे "हो ना", "अगदी", हसणे, हे सगळे त्यात जाते. मुलाखतीची जिवंत लय त्यातच असते. म्हणून वाटच बंद करायची ठरली.

बटण सोडले, दुसरे दाबले, पाहुण्याचा आवाज आता फक्त हेडफोनमध्ये. एको त्याच क्षणी थांबला. पाहुणा रेकॉर्डिंगमधून मात्र गायब झाला. त्याकडे पर्यायांच्या भागात येतो.

निवेदकांचा पोकळ आवाज

निवेदकांना आपला आवाज मिक्सरमधून थेट हेडफोनमध्ये ऐकू येत होता, तिथे उशीर जाणवण्याइतकाही नसतो. त्याच वेळी रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधले मॉनिटरिंग (रेकॉर्ड होणारा आवाज लगेच परत ऐकवण्याची सोय) चालू होते, म्हणून तोच आवाज संगणकात फिरून, थोडा मागे पडून पुन्हा हेडफोनमध्ये येत होता. एकाच आवाजाच्या दोन प्रती थोड्या अंतराने एकत्र आल्या की काही फ्रिक्वेन्सी एकमेकींना पुसून टाकतात. याला कोंब (म्हणजे कंगवा) फिल्टरिंग म्हणतात. समजा उशीर १० मिलिसेकंदांचा आहे, तर ५०, १५०, २५०, ३५० हर्ट्‌झ असे दर १०० हर्ट्‌झवर खड्डे पडतात. माणसाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण याच पट्ट्यात असतो, त्यामुळे आवाजाचा भरीवपणा जातो आणि तो पोकळ वाटतो. उशीर बराच वाढला की पोकळपणा संपून दुहेरी आवाज ऐकू येऊ लागतो.

सहकाऱ्याने हा उशीर घालवण्यासाठी बफर, म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, १२८ सॅम्पलवर (आवाजाच्या नमुन्यांवर) आणला होता. ४८ किलोहर्ट्‌झवर १२८ सॅम्पल म्हणजे सुमारे २.७ मिलिसेकंद, आत येताना एकदा आणि बाहेर जाताना एकदा, शिवाय यूएसबीचा स्वतःचा वेळ. बफर कितीही लहान केला तरी उशीर शून्य होत नाही. उलट दुहेरी ऐकू येणारा आवाज तेवढा पोकळ झाला. उपाय बफरमध्ये नव्हताच. सॉफ्टवेअरमधले मॉनिटरिंग बंद केले, आवाज भरला. विंडोजमध्ये रेकॉर्डिंग उपकरणाच्या गुणधर्मांत "लिसन टू धिस डिव्हाइस" अशी एक खूण असते, ती चालू असली तरी अशीच दुसरी वाट उघडते. ती इथे बंद होती, पण तपासायला हवीच.

या दुरुस्तीचा एक जास्तीचा फायदा झाला. निवेदक स्वतःला मिक्सरमधूनच ऐकत असल्याने संगणकातल्या उशिराशी त्यांचा संबंध उरला नाही. मग बफर लहान ठेवायचे कारणच संपले. तो १०२४ सॅम्पलवर, म्हणजे सुमारे २१ मिलिसेकंदांवर नेला आणि टकटक बरीच कमी झाली. लहान बफर म्हणजे संगणकाला दर काही मिलिसेकंदांनी वेळेवर हजर राहण्याची सक्ती. व्हिडिओ कॉल चालू असताना ती सक्ती प्रत्येक वेळी पाळली जात नाही आणि जिथे चुकते तिथे फाइलमध्ये टक्क होते.

गुणगुण आणि शीळ

इथे पहिला प्रश्न असा विचारला: हा आवाज रेकॉर्डिंगमध्ये आहे की फक्त स्पीकरमध्ये? स्पीकर बंद करून अर्धे मिनिट शांतता रेकॉर्ड केली आणि ती फाइल दुसऱ्या उपकरणावर हेडफोन लावून ऐकली. फाइल जवळजवळ स्वच्छ होती. आधीच्या रेकॉर्डिंगमध्ये जी गुणगुण होती ती स्पीकरमधून खोलीत आणि खोलीतून माइकमध्ये गेलेली होती. या एका चाचणीने अर्धी चिंता मिटली. आवाजाचा बिघाड शोधताना ही चाचणी सगळ्यात आधी करावी असे माझे ठाम मत आहे.

नंतर लॅपटॉपचा चार्जर काढला. गुणगुण आणि शीळ दोन्ही थांबल्या. चार्जर परत लावला, स्पीकरच्या केबल मिक्सरमधून काढल्या आणि हेडफोनवर ऐकले: तिथेही शांतता. म्हणजे दोष ना चार्जरचा एकट्याचा, ना मिक्सरचा, ना स्पीकरचा. लॅपटॉपच्या चार्जरला अर्थिंगची पिन होती, स्पीकरच्या वायरलाही होती आणि दोन्ही वेगवेगळ्या भिंतींवरच्या सॉकेटमध्ये होते. मिक्सरच्या ॲडॉप्टरला अर्थिंग नव्हती. चार्जरपासून लॅपटॉप, यूएसबी केबलची ग्राउंड, मिक्सर, स्पीकर केबलचे आवरण आणि स्पीकरची अर्थिंग असे एक पूर्ण वर्तुळ तयार झाले होते. या ग्राउंड लूपमधून फिरणारा थोडासा प्रवाह गुणगुण म्हणून ऐकू येत होता, आणि लॅपटॉपच्या आतल्या स्विचिंगचा गोंगाट शीळ म्हणून. माउस हलवला की संगणकाच्या आतले काम बदलते, म्हणून शिळेचा सूर बदलत होता.

या टप्प्यावर एक सूचना आली: स्पीकरच्या प्लगची अर्थिंगची पिन वगळणारा दोन पिनांचा अडॅप्टर लावू, लूप तुटेल. तुटला असता, हे खरे. पण अर्थिंग जीव वाचवण्यासाठी असते. उपकरणात आत कुठे वायर सुटून धातूच्या पेटीला लागली तर तो प्रवाह जमिनीत जाण्याऐवजी हात लावणाऱ्याच्या अंगातून जाईल. गुणगुण घालवण्यासाठी अर्थिंग तोडायची नाही, हा मुद्दा चर्चेलाही ठेवू नये.

चार्जर आणि स्पीकर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घेतले. स्पीकरला जाणाऱ्या अनबॅलन्स्ड केबल काढून बॅलन्स्ड टीआरएस (टोकाला तीन जोडण्यांच्या जॅकच्या) केबल लावल्या, मिक्सरचे आउटपुट आणि स्पीकरचे इनपुट दोन्ही बॅलन्स्ड होते. बॅलन्स्ड केबलमध्ये सिग्नलच्या दोन तारा असतात आणि स्पीकर त्यांच्यातला फरक तेवढा घेतो. दोन्हींवर सारखाच चढलेला गोंगाट त्यात गळून पडतो. गुणगुण गेली, शीळ कान लावला तर जाणवेल इतकी उरली. यूएसबी आयसोलेटर, म्हणजे यूएसबीच्या वाटेतला विजेचा थेट संबंध तोडणारे उपकरण, हा पुढचा उपाय होता. मिक्सर सेकंदाला १२ मेगाबिटच्या फुल-स्पीड यूएसबीवर चालणारा असल्याने साधा फुल-स्पीड आयसोलेटर चालला असता. पण रेकॉर्डिंगच्या वेळी स्पीकर बंदच ठेवायचे असल्याने तो घेतला नाही.

फाटणारा आवाज

फाटलेल्या हसण्याचा वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) मोठा करून पाहिला. लाटांची टोके सपाट कापली गेली होती, पण ती शून्य डीबीएफएसवर, म्हणजे डिजिटल आवाजाच्या कमाल पातळीवर, कापलेली नव्हती, बरीच खाली होती. हा फार बोलका पुरावा आहे. संगणकातल्या स्लायडरने आवाज कमी होण्याच्या आधीच तो कुठेतरी कापला गेला होता. मिक्सरचा अ‍ॅनालॉग भाग अजून निवांत होता, म्हणून दिवे हिरवे. त्याच्या यूएसबीसाठी आवाजाचे आकड्यांत रूपांतर करणाऱ्या कन्व्हर्टरची कमाल मर्यादा मात्र आधीच गाठली गेली होती. कापलेले टोक नंतर स्लायडर खाली केल्याने परत येत नाही.

त्यातच विंडोजमधला इनपुटचा स्लायडर आपोआप हलताना दिसला. कॉलच्या अ‍ॅपमध्ये माइकची पातळी आपोआप जुळवण्याची सोय चालू होती आणि रेकॉर्डिंगही त्याच स्लायडरच्या मागे असल्याने निवेदक गप्प बसले की फाइलमधला खोलीचा गोंगाट वर येत होता. ती सोय बंद केली, स्लायडर एका जागी ठेवला आणि पुन्हा हात लावायचा नाही असे ठरवले.

मग पातळी उलट्या दिशेने, संगणकाकडून मिक्सरकडे जुळवली. निवेदिकेला तिच्या सगळ्यात मोठ्या आवाजात हसायला सांगितले आणि सॉफ्टवेअरमध्ये टोके उणे १२ ते उणे ६ डीबीएफएसच्या दरम्यान येतील इतकाच गेन (माइकचा आवाज वाढवण्याचे प्रमाण) ठेवला. सहकाऱ्याला ही पातळी फार कमी वाटली. पण १६ बिटची सैद्धांतिक मर्यादा सुमारे ९६ डेसिबल आहे. त्यातले १२ मोकळे सोडले तरी ८४ उरतात, आणि कोणत्याही साध्या खोलीतला पंख्याचा, रस्त्याचा आवाज त्यापेक्षा कितीतरी आधी आडवा येतो. ऐकवताना आवाज वाढवता येतो. फाटलेला शिवता येत नाही.

फँटम पॉवरबद्दलही एक गैरसमज दूर करावा लागला. निवेदिकेचा माइक कंडेन्सर, त्याला ४८ व्होल्ट लागतातच. सहनिवेदकाचा डायनॅमिक, तो जळेल या भीतीने गट कधीकधी बटण दाबत नव्हता आणि कंडेन्सर मुका राहिला की गेन वाढवत बसत होता. बॅलन्स्ड एक्सएलआर (तीन पिनांची माइकची) केबल नीट असेल तर पिन २ आणि पिन ३ वर सारखाच व्होल्टेज येतो आणि डायनॅमिक माइकच्या कॉइलमधून प्रवाह वाहत नाही. जुन्या रिबन (धातूच्या पातळ पट्टीच्या) माइकच्या बाबतीत मात्र सावध राहावे.

पाहुण्याचे रेकॉर्डिंग: पर्याय

आता मूळ प्रश्न उरला. पाहुण्याला स्वतःचा आवाज सोडून बाकी सगळे ऐकू गेले पाहिजे, याला मिक्स-मायनस म्हणतात, आणि तरीही पाहुणा रेकॉर्ड झाला पाहिजे.

एक पर्याय होता हा मिक्सर परत देऊन प्रत्येक माइक वेगळा पाठवणारा मल्टिट्रॅक मिक्सर घेण्याचा. तांत्रिकदृष्ट्या तोच सर्वात स्वच्छ. पण त्या आठवड्यातल्या मुलाखतीला तो उपयोगी नव्हता, आणि अडचण नीट समजण्याआधी नवे यंत्र आणले तर जुने प्रश्न त्याच्यासोबतही येतात.

दुसरा पर्याय, कॉल संगणकावरून हटवून फोनवर घ्यायचा. फोनचा आवाज मिक्सरच्या स्टिरिओ लाइन चॅनेलमध्ये आणायचा आणि ऑक्स सेंडमधून फक्त निवेदकांचा आवाज फोनच्या माइककडे पाठवायचा. पाहुण्याच्या चॅनेलचा ऑक्स शून्यावर. मिक्स-मायनसची ही नेहमीची पद्धत आहे आणि मला ती आवडते, कारण कॉल एका यंत्रावर आणि रेकॉर्डिंग दुसऱ्या यंत्रावर राहते. आम्ही ती करून पाहिली. सहकाऱ्याने फोनपासून माइक चॅनेलच्या लाइन इनपुटपर्यंत सरळ स्टिरिओ केबल लावली आणि पाहुण्याचा आवाज जवळजवळ नाहीसा झाला. ते इनपुट मोनो (एकाच वाहिनीचे) बॅलन्स्ड होते. त्याने डाव्या-उजव्यातला फरक तेवढा घेतला, आणि बोलण्याचा आवाज दोन्ही बाजूंना सारखाच असल्याने फरक काहीच उरला नाही. एका बाजूला स्टिरिओ मिनीजॅक आणि दुसऱ्या बाजूला दोन मोनो जॅक अशी केबल स्टिरिओ चॅनेलला लावल्यावर आवाज आला. उलट दिशेला मात्र अडले. ऑक्सची लाइन पातळी फोनच्या माइक इनपुटला फार भारी पडते, मध्ये पातळी उतरवणारा पॅड लागतो आणि तो हाताशी नव्हता.

तिसरा पर्याय निवडला. यूएसबीचा परतीचा आवाज फक्त हेडफोनमध्ये. मेनमध्ये फक्त निवेदक. आणि पाहुण्याचा आवाज संगणकातच, विंडोजच्या वासापी या ऑडिओ प्रणालीतल्या लूपबॅकने, दुसऱ्या फाइलमध्ये रेकॉर्ड. संगणक जे वाजवतो ते लूपबॅक पकडते, आणि वाजत फक्त पाहुणाच होता. कॉलच्या अ‍ॅपची सूचना-घंटी वाजली तर तीही फाइलमध्ये येईल, म्हणून सगळ्या सूचना बंद केल्या. याशिवाय पाहुण्याला त्याच्या बाजूला स्वतःचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून पाठवायची विनंती करायची ठरली.

एक नवी अडचण

निवेदकांचे ट्रॅक वेगळे मिळावेत म्हणून एकाचा पॅन (आवाज डाव्या-उजव्या बाजूला नेणारी खुंटी) पूर्ण डावीकडे, दुसऱ्याचा पूर्ण उजवीकडे केला. दोन वाहिन्यांत दोन माणसे, युक्ती जुनी आणि चांगली. चाचणीत पाहुणा म्हणाला, "मला फक्त ताईंचाच आवाज येतोय." कॉलचे अ‍ॅप मोनो आवाज घेत होते आणि त्यासाठी डावी वाहिनी तेवढी वापरत होते.

इथे दोन चांगल्या गोष्टींपैकी एक सोडायची होती. अ‍ॅपमध्ये स्टिरिओ आवाज पाठवण्याची सोय होती, पण मग पाहुण्याच्या एका कानात एक निवेदक आणि दुसऱ्या कानात दुसरा, तासभर हे त्रासदायक होते. विचाराअंती असे ठरले की दूरचा पाहुणा असेल तेव्हा दोन्ही पॅन मध्यभागी आणि निवेदकांची एकच फाइल. पाहुणा खोलीत असेल किंवा नसेलच तेव्हा डावा-उजवा. मला हा निर्णय योग्य वाटतो. दोघे एकाच टेबलाशी बसलेले असताना एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये थोडा जातोच, त्यामुळे वेगळ्या ट्रॅकचा फायदा वाटतो तेवढा मोठा नसतो. पाहुण्याला दोघेही नीट ऐकू येणे त्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचे.

निकाल

मुलाखत ठरल्या दिवशी झाली. पाहुण्याला स्वतःचा आवाज परत आला नाही, हेडफोनमधला आवाज भरीव होता, फाइलमध्ये गुणगुण नव्हती. सुरुवातीला निवेदकांना मात्र त्यांचाच आवाज परत येऊ लागला. नियमाप्रमाणे दोष या वेळी पलीकडे: पाहुणा लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकत होता. त्याने इयरफोन लावले आणि प्रश्न मिटला.

पाहुण्याने पाठवलेली त्याची स्वतःची फाइल आवाजाला उत्तम निघाली, पण शेवटाकडे ती हळूहळू सरकत गेली. दोन यंत्रांची घड्याळे कधीच अगदी सारखी नसतात. दर दहा लाखांत ५० चा फरक असला तरी तासाभरात ०.१८ सेकंद जमा होतात आणि प्रश्नोत्तरांची लय बिघडते. संपादनात पाहुण्याच्या विरामांच्या जागी कापून तुकडे मागेपुढे सरकवावे लागले. लूपबॅकची फाइल त्याच संगणकावर, त्याच मिक्सरच्या घड्याळावर झाल्याने सरकली नव्हती, म्हणून ती जुळवणीसाठी मोजपट्टी म्हणून वापरली. आता गट सुरुवातीला आणि शेवटी पाहुण्याला एकदा टाळी वाजवायला सांगतो.

टकटकीचे मूळ पूर्ण उलगडले नाही. बफर वाढवल्यावर ती घटली होती. उरलेल्यासाठी सहकाऱ्याने एकाच बैठकीत यूएसबी हब काढला, विंडोजमधली यूएसबीची वीजबचत बंद केली आणि सगळीकडे ४८ किलोहर्ट्‌झ केले. टकटक थांबली, यांपैकी कशाने ते सांगता येत नाही.

वेगळे काय करता आले असते

यंत्र निवडण्याआधी एकच प्रश्न विचारायला हवा होता: संगणकात किती ट्रॅक वेगळे लागणार? त्याचे उत्तर माहितीपुस्तकातल्या ब्लॉक डायग्राममध्ये होते, आणि ती पुस्तके बहुधा आधीच वाचायला मिळतात.

पहिल्या दोन संध्याकाळी बटणे फिरवण्याऐवजी मूळ स्थितीचे छायाचित्र काढून ठेवले असते तर माझा पहिला तास वाचला असता. गटाने आता चालू स्थितीचे छायाचित्र छापून मिक्सरच्या पेटीत ठेवले आहे, गेनच्या जागांवर टेपच्या खुणा केल्या आहेत.

टकटकीच्या तीन उपायांपैकी एकेक करून पाहायला हवा होता. घाई समजण्यासारखी होती, मुलाखत दुसऱ्या दिवशी होती. पण आता संगणक बदलला तर कोणती काळजी घ्यायची हे पुन्हा शोधावे लागेल.

फोन आणि ऑक्सचा पर्याय मी पॅड मागवून पुन्हा करून पाहायला सांगितला आहे. संगणक कॉलमध्ये अडकला तरी रेकॉर्डिंग चालू राहील, हा फायदा लूपबॅकच्या पद्धतीत नाही. तिसरा निवेदक गटात आला तर मात्र या मिक्सरची दोन माइक चॅनेल पुरणार नाहीत, आणि तेव्हा मल्टिट्रॅक मिक्सर घेणे हाच रास्त निर्णय असेल.